रक्तवाहिन्यांची कल्हई

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली लावलेल्या शोधाचे स्मरण म्हणून २८ फेब्रुवारी हा दिवस आपण साजरा करतो. शोधांचे दिवस साजरे व्हावयासच हवेत. चुकांचे दिवस मात्र कोणी साजरे करीत नाही. आज मी आपल्यापुढे एका चुकीची हकीकत सांगणार आहे. ती चूक प्रयोगशाळेतील एका साहाय्यकाच्या हातून झाली. तिच्यामुळे त्याच्या वरिष्ठांची पंचवीस वर्षांपूर्वीची एक चूक उजेडात आली. दोघांपैकी कोणीही आपली चूक झाकली नाही, आणि त्यामुळे मानवी शरीरातील रक्तवाहिन्या कशा रुंदावतात, या जुन्या कोड्याची उकल झाली. मी कला शाखेचा पदवीधर. औषधशास्त्र हा माझा विषय नव्हे. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने नव्हे, तर माहिती गोळा करून ती लोकांपर्यंत नेणाऱ्या एका माणसाच्या नात्याने मी हे बोलत आहे.

जिभेखालची गोळी

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवावयाची गोळी आपल्यापैकी अनेकांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या खिशात पाहिली असेल. या जातीच्या औषधांचे मूळ नायट्रोग्लिसरीन या पदार्थात आहे. इटलीतील ट्यूरिन येथे अस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने १८४७ साली तो प्रथम तयार केला आणि त्याचा अंश जिभेला लागताच डोके विलक्षण दुखते, अशी नोंदही करून ठेवली. पुढे याच स्फोटक द्रवापासून आल्फ्रेड नोबेल यांनी सुरुंगाची दारू, म्हणजे डायनामाइट बनविले आणि १८६७ साली त्याचे एकस्व मिळविले. १८७९ साली लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी हृदयशूळाच्या रोग्यांना हेच द्रव्य अत्यल्प प्रमाणात दिल्यास आराम पडतो, असे दाखवून दिले. डोंगर फोडणारे द्रव्य अशा रीतीने औषधाच्या कपाटात जाऊन बसले.

दैवाचा खेळ असा, की आयुष्याच्या अखेरीस स्वतः नोबेल यांना हृदयविकार जडला आणि डॉक्टरांनी त्यांना नायट्रोग्लिसरीनच लिहून दिले. या योगायोगाबद्दल त्यांनी एका पत्रात नवल व्यक्त केले आहे. १८९६ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. ही गोळी नेमके काय करते, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. डॉक्टर ती देत होते, रोग्याला आराम पडत होता. कारण मात्र जवळजवळ एक शतक अंधारात राहिले.

नळी की जिवंत अवयव?

रक्तवाहिनी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाण्याची नळी उभी राहते. ही कल्पना अपुरी आहे. रोहिणीच्या भिंतीत स्नायूंचा एक थर असतो. तो आकसला की वाहिनी अरुंद होऊन रक्ताचा दाब वाढतो, आणि तो सैल पडला की वाहिनी रुंदावते व दाब उतरतो. या स्नायूंच्या आत, रक्ताला लागून, पेशींचे एक अतिशय पातळ अस्तर असते. त्याची जाडी अवघ्या एका पेशीची असते.

या अस्तराकडे पुष्कळ काळ कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई असते, तसे ते आहे, रक्त आणि भिंत यांच्यामधला एक आडपडदा, यापलीकडे त्याला काही काम असेल असे बहुतेकांना वाटत नसे. पण कल्हईचे महत्त्व ती उडाल्यावरच कळते. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते, हे आपल्या माताभगिनींना सांगावयास नको. रक्तवाहिनीच्या बाबतीतही नेमके हेच घडले. अस्तर चुकून पुसले गेले आणि त्यामुळेच त्याचे मोल कळले.

एक संशोधक आणि एक न सुटलेली विसंगती

रॉबर्ट फर्चगॉट यांचा जन्म ४ जून १९१६ रोजी अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन येथे झाला. त्यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण रसायनशास्त्रात झाले, आणि १९४० साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून त्यांनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. पुढे ते औषधशास्त्राकडे वळले. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात असताना त्यांनी सशाच्या महारोहिणीवर, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीवर, प्रयोग सुरू केले. ही वाहिनी मळसूत्री आकारात कापून तिची लांब पट्टी करावयाची, ती योग्य द्रावणात टांगावयाची, द्रावणात औषध घालावयाचे आणि पट्टी किती आकसते वा सैलावते ते मोजावयाचे, अशी ही पद्धत होती. औषधांचा परिणाम अजमावण्यासाठी ती पुढे अनेक प्रयोगशाळांत रूढ झाली.

१९५३ साली त्यांनी या पद्धतीने काढलेला एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. ॲसिटिलकोलीन हे द्रव्य घातले की पट्टी आकसते, असा तो निष्कर्ष होता. अडचण एवढीच होती, की जिवंत प्राण्याला हेच द्रव्य टोचले असता रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो, ही गोष्ट शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होती. शरीरात एक आणि काचपात्रात नेमके उलट, असे का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर कोणापाशीच नव्हते. विसंगती नोंदली गेली आणि तशीच राहून गेली.

फर्चगॉट यांच्या निरीक्षणशक्तीचा आणखी एक दाखला येथे सांगण्याजोगा आहे. खिडकीजवळ टांगलेल्या पट्ट्यांवर ऊन पडले की त्या सैलावतात, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसरा एखादा संशोधक पडदा ओढून मोकळा झाला असता. त्यांनी प्रकाशाच्या या परिणामाचाच अभ्यास केला आणि १९५५ साली तो प्रसिद्ध केला. प्रयोगात आलेला अडथळा हाही अभ्यासाचा विषय असू शकतो, ही त्यांची वृत्ती होती.

मे १९७८: एक पायरी गाळली गेली

१९५६ पासून फर्चगॉट न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे, स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या डाउनस्टेट वैद्यकीय केंद्रात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते. मे १९७८ मध्ये, एकसष्ट वर्षांचे असताना, त्यांनी एक नवी प्रयोगमाला आखली. यावेळी लांब पट्टीऐवजी सशाच्या महारोहिणीचे अंगठीसारखे छोटे तुकडे वापरावयाचे होते. त्यांचे साहाय्यक डेव्हिड डेव्हिडसन यांना क्रम ठरवून दिला होता. प्रथम नॉरएपिनेफ्रिन घालून तुकडा आकसू द्यावयाचा, मग ते औषध धुऊन काढावयाचे, आणि त्यानंतर ॲसिटिलकोलीनसारखेच काम करणारे कार्बाकोल घालून तुकडा पुन्हा किती आकसतो ते पाहावयाचे.

डेव्हिडसन धुण्याची पायरी विसरले. आधीचे औषध द्रावणात तसेच असताना त्यांनी कार्बाकोल घातले. वर्षानुवर्षांच्या अनुभवाप्रमाणे तुकडा अधिकच आकसावयास हवा होता. प्रत्यक्षात तो सैल पडला.

मित्रहो, या क्षणी काय होऊ शकले असते, याचा आपण विचार करावा. प्रयोग बिघडला म्हणून नोंद फाडून टाकता आली असती. साहाय्यकाला दोन शब्द सुनावून प्रयोग पुन्हा 'नीट' करता आला असता. त्यांपैकी काहीही घडले नाही. पंचवीस वर्षे आपण जे आकुंचन पाहत आलो ते खरे, की आज दिसलेली ही शिथिलता खरी, असा प्रश्न फर्चगॉट यांनी स्वतःला विचारला.

शोध घेता घेता उत्तर हाती आले, आणि ते त्यांच्या स्वतःच्याच हाताशी निगडित होते. लांब पट्टी कापताना, ओली पट्टी टिपकागदावर ठेवताना, तिची आतली बाजू बोटांना व कागदाला घासली जाई. त्या नकळत झालेल्या घर्षणाने ते एका पेशीचे नाजूक अस्तर निघून जाई. अंगठीसारख्या तुकड्यात ते शाबूत राही. अस्तर असले की ॲसिटिलकोलीनने वाहिनी सैलावते, अस्तर नसले की तेच द्रव्य तिला आकसविते, हा त्यातला भेद होता. जिवंत शरीरात अस्तर असतेच, म्हणून तेथे दाब उतरतो. १९५३ चे निरीक्षण खोटे नव्हते, परंतु ते कल्हई उडालेल्या भांड्याचे निरीक्षण होते.

फर्चगॉट यांनी याची कसून परीक्षा घेतली. अस्तर मुद्दाम खरवडले, तेव्हा शिथिलता नाहीशी झाली. मग त्यांनी एक सुंदर युक्ती योजली. अस्तर काढलेली एक पट्टी घेतली आणि अस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी तिला आतल्या बाजूने चिकटवून ठेवली. आता ॲसिटिलकोलीन घालताच अस्तरहीन पट्टीही सैलावली. दोन्ही अलग करताच ती पूर्ववत आकसू लागली. अस्तरातून कोणते तरी द्रव्य निघते, ते शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचते आणि त्याला सैल होण्याची आज्ञा देते, हे यावरून सिद्ध झाले. जॉन झवाड्झ्की यांच्यासमवेत लिहिलेला हा निबंध १९८० च्या नोव्हेंबरात 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्या जुन्या निष्कर्षाच्या मुळाशी अस्तर पुसले जाणे होते, हे फर्चगॉट यांनी जगजाहीर सांगितले. पुढे नोबेल व्याख्यानातही साहाय्यकाच्या चुकीचे श्रेय त्यांनी नाव घेऊन दिले.

निनावी दूताला नाव मिळाले

अस्तरातून निघणारे ते द्रव्य कोणते? ते काही सेकंदांत नाहीसे होई, त्यामुळे ते हाती लागणे कठीण होते. उत्तराचा एक धागा आधीच विणला गेला होता. १९७७ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील फेरिड मुराद यांनी दाखविले होते, की नायट्रोग्लिसरीनसारख्या औषधांपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघतो आणि तो स्नायूपेशीतील एका विकराला चेतवितो. फर्चगॉट यांनी आपल्या अज्ञात द्रव्याचे गुणधर्म या वायूशी ताडून पाहिले. रक्तातील हिमोग्लोबिन दोघांनाही निष्प्रभ करी. प्राणवायूचे एक अतिक्रियाशील रूप दोघांचाही नाश करी. जुलै १९८६ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी हे द्रव्य म्हणजेच नायट्रिक ऑक्साइड असावे, असे मत मांडले. त्याच परिषदेत लुई इग्नारो यांनीही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष सांगितला. १९८७ साली इंग्लंडमध्ये साल्वादोर मोंकादा आणि त्यांचे सहकारी यांनी, आणि अमेरिकेत इग्नारो यांच्या गटाने, रासायनिक मोजमापाने त्याला पुष्टी दिली. अस्तराच्या पेशी हा वायू आर्जिनिन या प्रथिनघटकापासून बनवितात, हे मोंकादा यांच्या गटाने १९८८ साली दाखविले.

आता सारी साखळी जुळली. रक्ताचा ओघ अस्तरावरून घासत वाहतो, किंवा ॲसिटिलकोलीनसारखे द्रव्य तेथे पोहोचते. अस्तराच्या पेशी आर्जिनिन आणि प्राणवायू यांच्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. हा लहानसा रेणू, नत्राचा एक अणू आणि प्राणवायूचा एक अणू, भिंत ओलांडून स्नायूत शिरतो. स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते, आणि निरोप देऊन झाला की दूत काही सेकंदांत नाहीसा होतो. जिभेखालची गोळी शतकभर हेच काम बाहेरून करीत आली होती.

येथे शिक्षक मित्रांनी एक भेद विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा. गुंगी आणण्यासाठी वापरला जाणारा 'हसविणारा वायू' नायट्रस ऑक्साइड होय, तो वेगळा. नायट्रिक ऑक्साइड हा मोटारींच्या धुरातही असतो आणि हवा दूषित करण्यात त्याचा वाटा असतो. हवेतील प्रदूषक म्हणून परिचित असलेला वायू शरीरात अत्यल्प मात्रेत निरोप्याचे काम करतो, यावर प्रथम अनेकांचा विश्वास बसला नाही. १९९२ साली 'सायन्स' या नियतकालिकाने त्याला वर्षाचा रेणू म्हणून गौरविले. १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना विभागून मिळाले. एका पारितोषिकाचे मानकरी तिघांहून अधिक असू शकत नाहीत. मोंकादा यांचे नाव त्यात नव्हते, याची खंत अनेक शास्त्रज्ञांनी व्यक्त केली. स्फोटक द्रव्यातून मिळविलेल्या संपत्तीचे पारितोषिक त्याच द्रव्याच्या औषधी गुणाचे रहस्य उलगडणाऱ्यांना मिळावे, हाही एक योगच.

आपल्या गावाशी याचा संबंध

ब्रुकलिनमधल्या सशाच्या रक्तवाहिनीशी आपल्याला काय करावयाचे, असे कोणी विचारील. प्रयोगशाळेत बोटांनी जे केले, तेच काम विडी-सिगारेटचा धूर, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह माणसाच्या शरीरात हळूहळू करतात. अस्तर घासून निघत नाही, पण ते दुबळे होते आणि पुरेसा नायट्रिक ऑक्साइड देईनासे होते. १९८६ साली हृदयाच्या रोगट वाहिन्यांत ॲसिटिलकोलीन सोडून पाहिले गेले. निरोगी वाहिन्या रुंदावल्या, रोगट वाहिन्या उलट आकसल्या. १९५३ ची ती पट्टी जणू जिवंत माणसाच्या हृदयात पुन्हा दिसली.

१९९६ साली प्रसिद्ध झालेला दुसरा एक अभ्यास तर प्रत्येक घराने ध्यानात ठेवावा असा आहे. जे तरुण स्वतः धूम्रपान करीत नव्हते, परंतु इतरांच्या धुरात वर्षानुवर्षे वावरले होते, त्यांच्याही रक्तवाहिन्यांची रुंदावण्याची शक्ती कमी झालेली आढळली. ओसरीवर बसून विडी ओढणारा गृहस्थ केवळ स्वतःचेच नुकसान करीत नाही. २००३ च्या केंद्रीय कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस मनाई केली आहे. शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीकडे पाहताना मुख्याध्यापकांनी आणि सरपंचांनी आपल्या मुलांच्या त्या अदृश्य अस्तराची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.

दुसरी गोष्ट चालण्याची. भरभर चालताना रक्ताचा ओघ वाढतो, तो अस्तरावरून अधिक जोराने वाहतो आणि अस्तर अधिक नायट्रिक ऑक्साइड देते. हे औषध शरीर स्वतःच बनविते, त्याला दाम पडत नाही. मात्र डॉक्टरांनी चालू केलेली रक्तदाबाची गोळी चालण्याच्या भरवशावर कोणी परस्पर बंद करू नये.

या शोधातून उपचारही निघाले. फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकसल्यामुळे प्राणवायूला पारखे झालेल्या काही नवजात बालकांना हाच वायू श्वासावाटे अत्यल्प प्रमाणात देतात. अमेरिकेत त्याला १९९९ साली मान्यता मिळाली. त्याआधी १९९८ साली मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल हे औषधही याच साखळीवर काम करते. एक इशारा येथे स्पष्ट शब्दांत द्यावयास हवा. छातीच्या कळेसाठी जिभेखालची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल कदापि घेऊ नये. दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. संकोचापोटी ही गोष्ट डॉक्टरांपासून लपविणे जिवावर बेतू शकते.

न जुळणारा आकडा

समारोपापूर्वी एक कबुली देतो. अनेक वर्षांपूर्वी, नोकरीच्या आरंभी, पाणीटंचाईचा एक तक्ता प्रसिद्धीसाठी माझ्याकडे आला. पाऊस चांगला झाला होता, सगळीकडचे टँकर बंद झाले होते, आणि एका गावाची मागणी मात्र तशीच दिसत होती. टंकलेखनाची चूक असेल, असे समजून मी ती ओळ गाळली. तक्ता सुबक झाला. पुढे कळले, की त्या गावची विहीर पावसातच ढासळली होती आणि लोक ओढ्याचे गढूळ पाणी पीत होते. तक्त्यात खरी बातमी एकच होती, आणि नेमकी तीच मी पुसून टाकली होती.

आपण सारे आकडे, अहवाल आणि उत्तरपत्रिका हाताळणारी माणसे आहोत. न जुळणारी नोंद आपल्याला त्रासदायक वाटते, आणि ती 'नीट' करण्याचा मोह होतो. हाताखालच्या माणसाला चूक सांगावयाची भीती वाटत असेल, तर चूक होतच राहते, फक्त ती आपल्यापर्यंत येत नाही. डेव्हिडसन यांची नोंद जशीच्या तशी वरिष्ठांच्या टेबलावर पोहोचली, आणि वरिष्ठांनी ती वाचून आधी स्वतःकडे पाहिले. शाळेत, पंचायतीत आणि कचेरीत एवढे घडू लागले, तर विज्ञान दिन साजरा करण्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

रॉबर्ट फर्चगॉट १९ मे २००९ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या हातून नकळत पुसले गेलेले अस्तर आज जगभरच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात शिकविले जाते.